ग्रीन माउंटनची चौकी: ठेवावी की पाडावी?



उन्हाळा जवळ आला की आपल्या अंकात हायकिंगवर एखादा लेख हमखास येतो. कुठे जावे, चढ किती, डास किती, थेपले किती न्यावेत, वगैरे. हा लेख तसा नाही. यात एका डोंगराचे नाव आहे खरे, पण विषय भांडणाचा आहे.

सिएटलच्या ईशान्येला डॅरिंग्टन नावाचे लाकूडतोड्यांचे छोटे गाव आहे. त्याच्या पलीकडे, सुआटल नदीच्या खोऱ्यात, ग्रीन माउंटन नावाचा सुमारे साडेसहा हजार फूट उंचीचा डोंगर उभा आहे. त्याच्या माथ्यावर चारी बाजूंनी खिडक्या असलेली एक लाकडी खोली आहे. वणवा कुठे लागला ते पाहण्यासाठी १९३३ साली बांधलेली टेहळणीची चौकी. इंग्रजीत तिला लुकआउट म्हणतात. या एका खोलीपायी फेडरल कोर्टात खटला झाला, न्यायाधीशांनी ती तिथून काढण्याचा हुकूम दिला आणि शेवटी अमेरिकेच्या काँग्रेसने खास कायदा करून ती जागच्या जागी राखली. एवढ्याशा खोलीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणालाही वाटेल. माझे मत असे की खोली राहिली हे योग्य झाले. पण ती का राहावी याची जी कारणे नेहमी दिली जातात, ती मला अपुरी वाटतात. आणि ज्यांनी तिच्याविरुद्ध दावा लावला त्यांना वेड्यात काढणे तर मला मुळीच मान्य नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय भांडण समजणार नाही.

अमेरिकेचे वनखाते, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, १९०५ साली सुरू झाले. खाते नवे, माणसे थोडी आणि जंगल अफाट. पाच वर्षे होतात न होतात तोच १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनच्या काही भागात प्रचंड वणवा पेटला. २० आणि २१ ऑगस्ट या दोन दिवसांत वाऱ्याने अनेक लहान आगी एक केल्या आणि सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. आयडाहोतल्या वॉलेस गावाजवळ एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या चाळीसहून अधिक माणसांना खाणीच्या एका जुन्या बोगद्यात नेले आणि बाहेर धावून मरू पाहणाऱ्यांना तोंडाशी उभे राहून अडवले. काही दगावले, पण बहुतेक वाचले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेले जे अवजार आजही वणवा विझवणाऱ्यांच्या हातात दिसते, त्याला याच माणसाचे नाव आहे.

या घटनेचा वनखात्याने जो धडा घेतला तो असा: आग लहान असतानाच गाठली पाहिजे. लहान आग गाठायची तर ती आधी दिसली पाहिजे, आणि दिसायची तर कुणीतरी उंचावर बसून पाहत राहिले पाहिजे. त्यातून डोंगरमाथ्यांवरच्या चौक्यांचे जाळे उभे राहिले. कॅलिफोर्नियात १९१३ साली हॅली डॅगेट नावाची बाई एडी गल्च चौकीवर नेमली गेली. वनखात्याने या कामावर घेतलेली ती पहिली स्त्री. बाईमाणूस एकटे डोंगरावर कसे राहणार अशी शंका तेव्हा बऱ्याच जणांनी काढली होती. ती पुढे वर्षानुवर्षे दर उन्हाळ्यात तिथे जात राहिली.

चौकीतले काम कसे चाले ते आपल्यातल्या इंजिनियर मंडळींना आवडेल. खोली साधारण चौदा फूट लांब आणि चौदा फूट रुंद. आधीच मापात कापलेल्या फळ्या खेचरांवर लादून वर न्यायच्या आणि माथ्यावर जोडायच्या. खोलीच्या मध्यभागी ओसबोर्न फायर फाइंडर नावाचे यंत्र. नाव मोठे, पण यंत्र साधे. अंश कोरलेले एक गोल कडे, त्याच्या मधोमध त्या परिसराचा नकाशा, कड्यावर एका बाजूला बारीक फट आणि समोरच्या बाजूला ताणून बांधलेला घोड्याच्या शेपटीचा उभा केस. धूर दिसला की फटीतून पाहत केस आणि धूर एका रेषेत आणायचा, अंश वाचायचा आणि टेलिफोनवर कळवायचा. दुसऱ्या डोंगरावरचा पहारेकरी त्याच धुराचा आपला अंश कळवी. खालच्या ऑफिसात मोठ्या नकाशावर दोन दोरे ताणले की जिथे ते एकमेकांना छेदतील तिथे आग. शाळेत भूमितीच्या तासाला आपण जे गिरवले त्यावर हजारो एकर जंगलाचा पहारा चाले. टेलिफोनची तार झाडाझाडांना अडकवत मैलोन् मैल नेलेली असे. विजेचे वादळ आले की पहारेकऱ्याने काचेचे पाय लावलेल्या स्टुलावर बसायचे किंवा उभे राहायचे, म्हणजे वीज खोलीवर पडली तरी त्याच्या अंगातून जमिनीत उतरणार नाही. वीज कोसळत असताना खिडकीतून ती कुठे पडते ते मोजत राहायचे, हेच तर काम होते.

१९२९ नंतर मंदी आली. देशात लाखो तरुण बेकार झाले. अध्यक्ष रूझवेल्टनी १९३३ साली सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर नावाची योजना काढली. या मुलांना महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यातले सुमारे २५ परस्पर घरी पाठवले जात. कोकणातून मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसाची मनीऑर्डर ज्यांच्या घरात आली आहे, त्यांना हा हिशोब समजावून सांगायची गरज नाही. वॉशिंग्टनच्या डोंगरांतले किती रस्ते, पायवाटा, पूल आणि चौक्या या पोरांच्या हातच्या आहेत याची गणती नाही. ग्रीन माउंटनची चौकी त्यातलीच. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिथून धुराबरोबर शत्रूच्या विमानांवरही नजर ठेवली गेली.

डॅरिंग्टनच्या आसपास अशा अनेक चौक्या होत्या. थ्री फिंगर्स नावाच्या सुळक्यावर तर खोली ठेवायला सपाट जागाच नव्हती, तेव्हा सुरुंग लावून माथ्याचा खडक उडवला आणि त्यावर खोली बसवली. ती खोली अजून आहे. वर जायला शेवटी शिड्या चढाव्या लागतात. ते काम करणाऱ्यांत हॅरी बेडल नावाचा स्थानिक माणूस होता. त्याची आई इथल्या मूळ सॉक जमातीची. म्हणजे या चौक्यांची कहाणी फक्त बाहेरून येऊन वसलेल्या गोऱ्यांची आहे, असेही नाही.

आपल्या या एका राज्यात सहाशेच्या वर चौक्या बांधल्या गेल्या. महायुद्धानंतर मात्र विमाने आली, रेडिओ आला, जंगलात रस्ते झाले. माणूस महिनोन् महिने डोंगरावर बसवण्याची गरज कमी झाली. रिकाम्या खोल्या म्हणजे जबाबदारी. कुणी आत शिरून पडले-झडले तर काय, म्हणून वनखात्याने स्वतःच कित्येक चौक्या पेटवून दिल्या. आग पाहण्यासाठी बांधलेली खोली खात्यानेच काडी लावून संपवायची! आज राज्यात शंभराहून कमी चौक्या उभ्या आहेत. काही चौक्यांची नावे वाङ्मयात गेली. जॅक केरूआक हा लेखक १९५६ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅस्केड्समधल्या डेसोलेशन पीकवर ६३ दिवस एकटा होता. कवी गॅरी स्नायडर त्याच्या तीन वर्षे आधी जवळच्याच सावरडो माउंटनवर पहाऱ्याला होता. ग्रीन माउंटनला असा कुणी प्रसिद्ध लेखक लाभला नाही. माझ्या मते ते ठीकच आहे. बहुसंख्य पहारेकरी साधे लोक होते. कुणी विद्यार्थी, कुणी शाळामास्तर, कुणी नवविवाहित जोडपे. त्यांच्यावर पुस्तके निघाली नाहीत.

आता भांडणाकडे येतो.

१९६४ साली अमेरिकेत विल्डरनेस ॲक्ट झाला. या कायद्याचा गाभा असा की देशातला काही भूभाग जसा आहे तसा सोडायचा. माणसाने तिथे पाहुणा म्हणून जावे आणि परत यावे. रस्ता नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. पायवाटेवर झाड पडले तर तिथले कर्मचारी यंत्राची करवत न वापरता दोन माणसांनी ओढायची लांब करवत वापरतात. बांधकाम करायचे नाही, हेलिकॉप्टर उतरवायचे नाही. अपवाद एकच, त्या भागाच्या देखरेखीसाठी जे अगदी किमान लागेल तेवढे. ग्लेशियर पीकचा परिसर पहिल्यापासूनच या कायद्याखाली आला. १९८४ साली वॉशिंग्टनसाठी वेगळा कायदा होऊन त्याची हद्द वाढली आणि ग्रीन माउंटन त्यात आले. तेव्हा चौकीला ५१ वर्षे झालेली होती.

लाकडी खोली, वर्षाचे आठ-नऊ महिने बर्फ. तिची अवस्था बिघडत गेली. वनखात्याने ती उतरवली, दुरुस्त केली, बरेचसे लाकूड नवे घातले, आणि २००९ साली पुन्हा माथ्यावर बसवली. या कामासाठी हेलिकॉप्टर वापरले. मोंटानातल्या विल्डरनेस वॉच या संस्थेने २०१० साली दावा लावला. म्हणणे असे की हे दुरुस्तीकाम नसून नवे बांधकाम आहे, हेलिकॉप्टर वापरायला पुरेसे कारण नव्हते, आणि या सगळ्याचा कायद्याप्रमाणे नीट विचार झालेला नाही. २०१२ च्या मार्चमध्ये न्यायाधीश जॉन कफनावर यांनी संस्थेच्या बाजूने निकाल दिला आणि चौकी तिथून काढायला सांगितले.

डॅरिंग्टनला हा निकाल फार लागला. मुळात हे गाव लाकडावर जगलेले. नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या लाकूडतोड्यांची वस्ती. नव्वदच्या दशकात ठिपक्यांच्या घुबडाच्या संरक्षणासाठी सरकारी जंगलातली तोड जवळजवळ थांबली, तेव्हा गावावर जी कळा आली ती आपल्यातल्या जुन्या सभासदांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. त्यातून जी मोजकी अभिमानाची ठिकाणे उरली त्यांत या चौक्या होत्या. आपल्या आजोबांनी बांधलेली खोली, दूरच्या राज्यातली एक संस्था येऊन काढायला लावते, ही भावना समजण्यासारखी आहे.

आपल्या राज्याच्या सिनेटर पॅटी मरे आणि मारिया कँटवेल, प्रतिनिधी सुझन डेलबेनी आणि रिक लार्सन यांनी चौकी राखण्यासाठी विधेयक मांडले. ते बरेच दिवस रेंगाळले. मग २२ मार्च २०१४ रोजी डॅरिंग्टनच्या रस्त्यावरच्या ओसो गावाजवळची एक वस्ती दरड कोसळून गाडली गेली. ४३ माणसे गेली आणि डॅरिंग्टनला बाहेरच्या जगाशी जोडणारा मुख्य रस्ता बंद झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले आणि अध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली. कायदा अगदी छोटा आहे. सार एवढेच की १९८४ च्या कायद्यामुळे ग्रीन माउंटनची चौकी चालवायला आणि तिची निगा राखायला बाध येत नाही, आणि येणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी गरज पडल्याशिवाय ती हलवायची नाही.

आता मला काय वाटते ते सांगतो.

पहिली गोष्ट. दावा लावणाऱ्यांना खलनायक ठरवू नये. कायद्यात एक अपवाद केला की दुसरा मागायला लोक तयारच असतात. याच ग्लेशियर पीकच्या जंगलात, मायनर्स रिज नावाच्या कड्यावर, साठच्या दशकात केनेकॉट कंपनी तांब्याची उघडी खाण खोदणार होती. लोकांनी प्रखर विरोध केला आणि ती खाण झाली नाही. आज आपण जो हिरवा देखावा पाहायला जातो तो, "एवढ्याने काय होते" असे न म्हणणाऱ्या हट्टी लोकांमुळे शिल्लक आहे. ती माणसे खाणीला जो नियम लावतात तोच चौकीला लावतात, यात ढोंग नाही. उलट आपल्याला आवडणाऱ्या वस्तूसाठी नियम वाकवायचा आणि नावडत्यासाठी ताठ करायचा, हे आपण भारतात काय आणि इथे काय, पुष्कळ पाहिले आहे.

दुसरी गोष्ट. हेलिकॉप्टरबद्दल न्यायाधीशांचे बरोबर होते असे मी मानतो. १९३३ साली खेचरांवरून आणि माणसांच्या पाठीवरून जी खोली वर गेली तिची डागडुजीही तशीच करता आली असती का, हा प्रश्न आधी उघडपणे विचारायला हवा होता. काम लवकर व्हावे म्हणून खाते सोपा मार्ग धरते आणि कागदपत्रे मागून जुळवते, ही सरकारी रीत जगभर सारखीच.

तिसरी गोष्ट, आणि इथे माझी वाट वेगळी होते. पद्धत चुकली म्हणून वस्तू काढा, हा न्याय मला पटत नाही. चूक अधिकाऱ्यांची, शिक्षा खोलीला. शिवाय ती खोली काढायची तर पुन्हा माणसे, पुन्हा सामान, पुन्हा डोंगरावर उलथापालथ. आणि कायद्याने त्या डोंगरावर हद्द आखली तेव्हा खोली आधीच अर्धे शतक उभी होती. घरात नवा नियम केला म्हणून ओसरीवर बसलेल्या आजोबांना कुणी उठवत नाही.

मग अपवाद करायचा तर कुणी करायचा? मला वाटते २०१४ साली जे झाले तेच योग्य होते. कायदा निवडून दिलेल्या लोकांनी केला होता. त्यात अपवादही निवडून दिलेल्या लोकांनीच, नाव घेऊन, चारचौघांत, एका ठरावीक वस्तूपुरता केला. "जुन्या सगळ्या बांधकामांना सूट" असे त्यांनी म्हटले नाही. ग्रीन माउंटनची ही खोली, एवढेच म्हटले. पुढच्या खोलीसाठी पुन्हा काँग्रेसपुढे जावे लागेल. ते अवघड आहे, आणि अवघडच असावे. ओसोच्या दुःखामुळे विधेयक पुढे सरकले, म्हणून ती दया होती, असे काहीजण म्हणतात. असेल. पण दयेने घाई झाली एवढेच. मुद्दा आधीपासूनच बरोबर होता.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चौकी राखणारे लोक नेहमी म्हणतात की हा आपला वारसा आहे, देखावा सुंदर आहे, पूर्वजांचे कष्ट आहेत. हे सगळे खरे आहे, पण यात अर्धीच गोष्ट येते. या चौक्या एका धोरणाचे डोळे होत्या, आणि ते धोरण पुढे महागात पडले. १९३५ साली वनखात्याने नियम केला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. हा नियम सत्तरच्या दशकापर्यंत चालला. १९४४ साली स्मोकी नावाचे अस्वल पोस्टरवर आले आणि आग म्हणजे शत्रू हे पोराबाळांच्या मनावर ठसले. पण कॅस्केड्सच्या पूर्वेकडच्या कोरड्या पाइनच्या जंगलात लहान आग ही केर काढणाऱ्या बाईसारखी असते. ती दर काही वर्षांनी येऊन खालचे गवत, काटक्या, रोपटी जाळून जाते आणि मोठी झाडे उभी राहतात. इथले मूळ रहिवासी हे जाणून होते. हकलबेरीचे माळ मोकळे राहावेत म्हणून ते ठरवून आगी लावत. हे सगळे आपण दशकानुदशके बंद केले. केर साचत गेला. त्यात उन्हाळे अधिक कोरडे आणि उष्ण होत गेले. आता आग लागते तेव्हा ती केर काढून थांबत नाही, घरच घेऊन जाते. चौकी वाचवणारा कायदा झाला त्याच २०१४ च्या जुलैमध्ये ओकानोगन भागात कार्लटन कॉम्प्लेक्सचा वणवा लागला. अडीच लाखांहून अधिक एकर जळाले. त्या वेळेपर्यंतचा तो राज्यातला सर्वांत मोठा वणवा.

एक खुलासा करायला हवा. ग्रीन माउंटन पश्चिमेच्या ओल्या बाजूला आहे. तिथल्या जंगलात मुळातच आगी क्वचित, शतकाशतकांनी लागतात, म्हणून तिथे या धोरणाने तेवढे नुकसान केले नाही. पण नियम सगळीकडे एकच होता. पूर्व आणि पश्चिम हा फरक तेव्हा कुणी केला नाही.

म्हणून मी म्हणतो की चौकी ठेवा, पण पूर्ण गोष्टीसकट ठेवा. तिथे बसलेल्या माणसाने वीज अंगावर घेत इमानाने काम केले. त्याने बोट दाखवलेल्या प्रत्येक धुराकडे माणसे फावडी घेऊन धावली. आणि एवढ्या इमानाने केलेल्या कामातूनही जंगलाचे काही नुकसान झाले. या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत आहेत. पाडली तर दोन्ही जातील. नुसती सजवून ठेवली तर दुसरी जाईल. आपल्या मुलांना इतिहास शिकवताना आपण बहुधा शूर आणि दुष्ट अशी विभागणी करून मोकळे होतो. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेली गोष्टही पन्नास वर्षांनी तपासावी लागते, हे सांगायला याहून बरे ठिकाण मला माहीत नाही.

आता शेवटचा प्रश्न. याचा आपल्याशी काय संबंध? एका स्नेह्यांनी जेवणाच्या टेबलावर मला हेच विचारले. "हे गोऱ्यांचे आपसातले भांडण. लाकूडतोडे एकीकडे, झाडवाले दुसरीकडे. आपण कशाला मध्ये?"

मला हे मान्य नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आठवडाभर आकाश मातकट झाले होते, आठवते ना? दारांच्या फटींना ओले टॉवेल लावून आपण घरात बसलो होतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बोल्ट क्रीकचा वणवा हायवे दोनच्या कडेपर्यंत आला, जिथून आपण लेव्हनवर्थला जातो. धूर काही पासपोर्ट विचारून घरात शिरला नाही. जंगल कसे राखायचे, आग कुठे विझवायची आणि कुठे जळू द्यायची, हे ठरवणाऱ्यांत आपण नसू तर दुसरे कुणीतरी ठरवेल आणि धूर आपल्याही नाकात जाईल.

आणि ही जमीन कुणाची? नॅशनल फॉरेस्ट म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. आपल्यातले पुष्कळजण आता नागरिक आहेत, कर तर सगळेच भरतात. वनखाते मोठा निर्णय घेण्यापूर्वी लोकांची मते मागवते, आणि मत कळवायला नागरिक असण्याचीही अट नाही. पत्र लिहायचे एवढेच. मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात श्रीखंड हवे की गुलाबजाम यावर आपण ज्या तळमळीने पत्रे लिहितो, त्याच्या निम्म्या तळमळीने हे होऊ शकेल.

सुट्टीत भारतात गेलो की आपण मुलांना एखाद्या किल्ल्यावर नेतो, ढासळलेला बुरूज दाखवतो आणि "कुणी लक्षच देत नाही हो" असे म्हणून खाली उतरतो. तिथे आपण पाहुणे असतो, तक्रार करून सुटतो. इथे तसे नाही. इथे आपण राहतो. राजगडाच्या संजीवनी माचीबद्दल आपल्या मुलांना माहीत असावे ही इच्छा माझीही आहे. पण ज्या डोंगरांच्या सावलीत ती वाढली त्यांचा इतिहास त्यांना "अमेरिकन लोकांचा" वाटावा, हे बरे नव्हे. ती मुलेच अमेरिकन लोक आहेत. कागदावर आपणही.

तेव्हा माझी सूचना अशी. या उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीसाठी ग्रीन माउंटनचा विचार व्हावा. वाट एका बाजूने सुमारे चार मैल आहे आणि चढ तीन हजार फुटांहून अधिक, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी अर्ध्या वाटेवरच्या फुलांच्या कुरणात थांबावे, तिथेही डोळे निवतात. बर्फ जुलैपर्यंत असू शकतो आणि सुआटलचा रस्ता पुराने वाहून जाण्यासाठी प्रसिद्ध आहे (२००३ च्या पुरानंतर तो २०१४ पर्यंत मोटारींना पूर्ण खुला नव्हता), म्हणून निघण्यापूर्वी डॅरिंग्टनच्या रेंजर स्टेशनला फोन करून विचारावे. येताना गावात थांबून चार डॉलर खर्च करावेत. आणि ज्यांना जमेल त्यांनी वर्षातून एक दिवस वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनच्या वाटदुरुस्तीच्या कामाला जावे. हेल्मेट आणि अवजारे तेच देतात. पुलास्कीचे अवजार कसे धरायचे हे तिथे आपोआप कळते.

कायद्याने चौकी पाडण्यापासून वाचवली, एवढेच कायद्याला जमते. तिची खिडकी फुटली तर नवी काच बसवणारा, झडपा उघडणारा आणि रंग लावणारा माणूस कायद्यात नसतो. तो डोंगर चढून वर जावा लागतो.

ज्यांना माझे मत पटणार नाही, विशेषतः ज्यांना न्यायाधीशांचा निकालच पूर्ण बरोबर वाटतो, त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे. त्यांची बाजू लंगडी नाही, हे वर सांगितलेच आहे. संपादक मंडळी जागा देतील अशी मला खात्री आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद